तिशीच्या आधी विचारायचा प्रश्न

आशाताई घरोघरी जाऊन तिशी ओलांडलेल्यांचा जो फॉर्म भरून घेतात, त्याला आरोग्य खात्यात ‘सीबॅक’ म्हणतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर आणि व्यायाम यांना गुण आहेत. रोज तंबाखू खाणाऱ्याला 2 गुण, रोज दारू पिणाऱ्याला 1, आणि आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला बीपी, शुगर किंवा हृदयविकार असेल तर 2. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचे, असा नियम. म्हणजे रोजच्या तंबाखूला जेवढे वजन, तेवढेच वजन या कागदाने घरातल्या आजाराला दिले आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र हा प्रश्न विचारला जातो तिशी उलटल्यावर, आणि तोही ज्याचा फॉर्म भरायचा त्यालाच. कर्जत तालुक्यातल्या कोंडाण्यात किंवा कोंदिवड्यात पन्नाशीचा एखादा माणूस अटॅकने गेला, तर त्याच्या पंधरा वर्षांच्या मुलाकडे आणि बारा वर्षांच्या मुलीकडे त्या मृत्यूची माहिती घेऊन कोणी जात नाही. बाराव्या-तेराव्याला मंडळी येतात, हळहळतात, पोरांच्या शिक्षणाचे कसे होणार याची काळजी करतात. पोरांचा बीपी मोजायला हवा हे कोणाच्या मनात येत नाही. या लेखाचे म्हणणे एवढेच की हा प्रश्न पंधरा-वीस वर्षे आधी, घरातल्या पोरांच्या बाजूने विचारला पाहिजे. तो नेमका विचारला तर पुढे काय तपासायचे आणि कधीपासून, याची उत्तरे बरीचशी सोपी होतात.

एवढ्या लवकर कशासाठी, याचे उत्तर शवविच्छेदनाच्या टेबलावरून आलेले आहे. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या 300 अमेरिकी सैनिकांची हृदये डॉक्टरांनी तपासली आणि 1953 साली निष्कर्ष छापले. सरासरी वय अवघे 22, आणि तरीही तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आजाराच्या खुणा होत्या. ही मुले तगडी, निवडून घेतलेली, कवायत करणारी होती. पुढे लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा या छोट्या, निमग्रामीण गावात 1973 पासून मुलांचा अभ्यास सुरू झाला. अपघात वगैरे कारणांनी लहान वयात गेलेल्यांच्या तपासणीत दिसले की दोन ते पंधरा वर्षांच्या वयोगटातच साधारण निम्म्या मुलांच्या हृदयवाहिन्यांत चरबीच्या पहिल्या रेघा उमटलेल्या असतात, आणि वजन, बीपी, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांपैकी जितक्या गोष्टी एकत्र येतात तितक्या त्या वाढतात. त्याच गावात, ज्यांच्या आई-वडिलांना हृदयविकार झाला होता अशा मुलांची इतरांशी तुलना केली गेली. त्या मुलांचे वजन लहानपणापासूनच जास्त होते, आणि तरुणपणाकडे येताना कोलेस्टेरॉल आणि साखर बिघडण्याचा त्यांचा वेगही जास्त होता. वडिलांचा अटॅक पन्नाशीत आला असला, तरी मुलाच्या शरीरातला फरक शाळेच्या वयात मोजता येत होता. रेघा म्हणजे आजार नव्हे, आणि त्या सगळ्याच पुढे गाठी होत नाहीत. पण कोणाच्या होणार हे ठरण्याचा काळ हाच.

आता घरातल्या आजाराचे वजन किती धरायचे? चुलत्याला पंचाहत्तरीत अटॅक आला, हा या अर्थाने कौटुंबिक इतिहास नव्हे. त्या वयात तो कोणालाही येऊ शकतो. डॉक्टर ज्याला महत्त्व देतात ती रेषा ठरलेली आहे: वडील किंवा सख्खा भाऊ 55 वर्षांच्या आत, आई किंवा सख्खी बहीण 65 च्या आत. स्वीडनमध्ये वीस हजारांहून अधिक जुळ्यांचा अभ्यास झाला, तो 1994 साली प्रसिद्ध झाला. ज्या पुरुषाचा जुळा भाऊ पंचावन्नच्या आत हृदयविकाराने गेला, त्याचा स्वतःचा तसाच मरण्याचा धोका एकसारख्या जुळ्यांत सुमारे आठपट निघाला, आणि दिसायला वेगळ्या जुळ्यांत सुमारे चौपट. मृत्यूचे वय जसजसे पुढे जात होते, तसतसा हा फरक ओसरत होता. म्हणून ‘आमच्यात हार्टचं आहे’ एवढे सांगून भागत नाही. कोणाला, कितव्या वर्षी, हे सांगावे लागते. आपल्याकडे तर ही रेषा आणखी गंभीरपणे घ्यायला हवी, कारण 52 देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचे मधले वय 53 निघाले. बाकीच्या जगात ते जवळपास 59 होते.

वयाइतकाच महत्त्वाचा आहे आजाराचा प्रकार, आणि इथे आपण सगळे एकाच पोत्यात भरतो. हृदयाच्या वाहिन्या चोंदणे हा एक प्रकार. त्यात घरातून येते ती प्रवृत्ती, आणि बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल या वाटांनी ती काम करते. याच प्रकारात एक टोकाची अवस्था आहे, जन्मापासूनचे आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल. अनेक देशांच्या मोजणीत ते साधारण अडीचशे माणसांत एकाला सापडते. आई किंवा वडिलांत ते असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. टाचेच्या वरच्या जाड नसेवर किंवा हाताच्या बोटांच्या सांध्यांवर पिवळसर घट्ट गाठी, चाळिशीच्या आतच बुबुळाभोवती पांढरट कडे, ही त्याची दिसणारी लक्षणे. पण बहुतेकांत काहीच दिसत नाही, रक्त तपासल्यावरच कळते. मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक जुळवताना दोन्हीकडे लवकर गेलेली माणसे असतील, तर ही तपासणी लग्नाआधी व्हावी. दोघांतही हा दोष निघाला तर चारांतल्या एका मुलाला तो दोन्हीकडून मिळतो, आणि अशा मुलाचे हृदय शाळेच्या वयातच निकामी होऊ लागते.

दुसरा प्रकार हृदयाच्या स्नायूचा आणि ठोक्यांचा. स्नायू विनाकारण जाड होण्याचा आनुवंशिक आजार सुमारे पाचशेत एकाला असतो. त्याची तऱ्हा अशी की बालपणी हृदयाच्या सोनोग्राफीत, म्हणजे टूडी इकोत, सगळे ठीक दिसते आणि वयात येताना, शरीर झपाट्याने वाढते त्या वर्षांत, स्नायू जाड होऊ लागतो. म्हणून आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर मुलाची एकदा केलेली टूडी इको पुरत नाही. वाढीच्या वयात ती दर एक-दोन वर्षांनी करावी लागते. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या अभ्यासात 2009 साली दिसले की हृदयस्नायूशी निगडित एका जनुकातला ठरावीक बदल भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत आहे. हा बदल असलेला प्रत्येक जण आजारी पडतो असे नाही, बहुतेक जण पडत नाहीत. पण घरात तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असेल तर आपल्या लोकांत शोधायला जागा आहे, एवढे त्यातून समजते. तिसरा प्रकार झडपांचा. वारंवार घसा सुजून सांध्यांना धरणाऱ्या तापाने झडपा खराब झालेल्या बाया आपल्या वाड्यांत अजूनही सापडतात. हा आजार वंशातून येत नाही. मात्र घसा धरवणारा जंतू दाटीच्या घरात एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. अशा घरात मुलाचा ताप आणि सांधेदुखी हलक्याने घ्यायची नाही, आणि डॉक्टरांनी पेनिसिलीनची इंजेक्शने लावून दिली असतील तर बरे वाटू लागले म्हणून ती तोडायची नाहीत. चौथा, जन्मतःच हृदयाला भोक. एका मुलात ते असेल तर पाठच्या भावंडांत शक्यता थोडी वाढते, घाबरून जाण्याइतकी नाही. पुढच्या गरोदरपणात डॉक्टरांना सांगावे, म्हणजे सोनोग्राफी करणारा नेमके तेच पाहील.

हे सगळे ओळखायचे तर घरातली नोंद हवी, आणि खरी अडचण इथेच आहे. ग्रामपंचायतीतून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापलेले नसते. कायद्यानेच ते छापायचे नाही. मग उरते ते लोकांच्या तोंडी. ‘गॅस झाला होता, छातीत कळ आली आणि गेला.’ ‘रात्री जेवून झोपला, सकाळी उठलाच नाही.’ ‘चांगला पोहणारा होता, उल्हासच्या डोहात कसा बुडाला कळलं नाही.’ ‘फिट यायची, तशीच एकदा आली.’ ‘बाहेरचं झालं.’ यातल्या प्रत्येक वाक्यामागे हृदय असेलच असे नाही, पण असू शकते; ठोक्यांच्या काही आनुवंशिक आजारांत पोहताना किंवा दचकल्यावर शुद्ध जाते आणि त्यालाच फिट समजले जाते. म्हणून एखाद्या सणाला सगळे जमलेले असताना वहीचे एक पान घ्या. आजा-आजी दोन्हीकडचे, आई-वडील, काका, आत्या, मामा, मावशी, सख्खी आणि चुलत भावंडे. प्रत्येकापुढे जिवंत की गेलेले, कितव्या वर्षी, आणि कसे गेले ते त्यांच्याच शब्दांत. वय आठवत नसेल तर ‘थोरल्याच्या लग्नाआधी’ असे लिहिले तरी चालते, हिशेब नंतर लागतो. बायकांच्या बाबतीत गरोदरपणात बीपी वाढला होता का, झटके आले होते का, हेही लिहा. तसे झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो आणि हे तिच्या मुलींना कोणी सांगत नाही. आईकडची बाजू विसरू नका. आपल्याकडे घराणे म्हटले की वडिलांचेच धरतात, पण रक्ताला तो भेद नाही. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीचा कागद जपून ठेवा. ईसीजीची पट्टी बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते, काही वर्षांत ती कोरी पडते. तिची झेरॉक्स काढा.

पान तयार झाले की तपासणीकडे वळायचे. पहिली आणि सर्वांत स्वस्त गोष्ट बीपी. निरोगी मुलाचाही बीपी तिसऱ्या वर्षानंतर वर्षातून एकदा मोजावा, असे बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शनात आहे. घरात लवकरचा हृदयविकार असेल तर यात चालढकल नको. तेराव्या वर्षानंतर 120/80 च्या वरचा आकडा लक्ष ठेवण्याजोगा आणि 130/80 किंवा अधिक वारंवार येत असेल तर डॉक्टरांकडे नेण्याजोगा. त्याआधीच्या वयात आकडे उंची आणि वयाप्रमाणे बदलतात, ते तक्त्यावरून बघावे लागतात. मोजण्याची रीत मात्र पालकांनी बघून घ्यावी, कारण चूक तिथेच होते. मोठ्या माणसाचा पट्टा मुलाच्या बारीक दंडाला गुंडाळला तर आकडा खोटाच कमी येतो. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर खोटाच जास्त. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाला बहुतांश वेढेल इतकी लांब आणि घेराच्या दोनपंचमांश तरी रुंद हवी. मूल पाच मिनिटे शांत बसलेले, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीत टेकवलेला. धावत आलेल्या पोराचा उभ्या-उभ्या घेतलेला आकडा वहीत लिहूच नये. एकाच वेळचा जास्त आकडा म्हणजे आजार नाही. तीन वेगवेगळ्या दिवशी तो तसाच आला तर बोलायचे. दुसरी तपासणी कोलेस्टेरॉलची. नऊ ते अकरा या वयात एकदा, आणि घरात लवकरचा अटॅक किंवा फार वाढलेले कोलेस्टेरॉल असेल तर त्याहूनही आधी. अशा घरातल्या मुलाचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 160 च्या वर आणि मोठ्या माणसाचे 190 च्या वर निघाले, तर ‘तेलकट कमी करा’ एवढ्यावर सोडू नका, आनुवंशिक प्रकार आहे का ते विचारा. त्या प्रकारात आहाराने थोडाच फरक पडतो आणि औषधे आठ-दहा वर्षांच्या वयापासूनही द्यावी लागतात. ते ठरवणे तज्ज्ञांचे काम.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे शहरातल्या बसून खाणाऱ्यांचे आजार, आमची पोरे राजमाचीचा चढ चढतात, भाताची लावणी करतात, अंगावर मांस नाही. त्याला उत्तर घाटाच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यातच मिळालेले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. ही बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून अधिक हलकी; तरी कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. तीच मुले अठराची झाली तेव्हा बहुतेक सडपातळच होती, आणि तरीही मुलग्यांपैकी 37 टक्के व मुलींपैकी 18 टक्के जणांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्याकडे सरकलेली आढळली. ही शेतकऱ्यांची मुले होती. तेव्हा ‘बारीक आहे’ हे प्रमाणपत्र नाही. कंबर आणि रक्त बघावे लागते. शिवाय कर्जत-खालापूरचे जगणेही तेच राहिलेले नाही. पहाटेची लोकल पकडून रात्री परतणारा, खोपोलीच्या कारखान्यात पाळीने काम करणारा किंवा फार्महाऊसवर राखण करणारा तरुण आजोबांइतका चालत नाही. सुकट, खारवलेली मासळी, पापड यांतले मीठ मात्र आजोबांचेच चालू आहे, त्यात स्टेशनवरचा वडापाव आणि पाकिटातले वेफर्स भर घालतात. घाम गाळणाऱ्याला ते मीठ एकवेळ झेपायचे. आणि मशेरी. घरातली बाई ती भाजते, लावते, आणि लहान मुलगी बघून शिकते. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, मशेरी तव्यावरच तयार होते.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: रक्तातच असेल तर तपासून काय करणार? ‘इंटरहार्ट’मध्ये तंबाखू, बीपी, शुगर, चरबी, पोटाचा घेर, आहार, व्यायाम, दारू आणि मनाचा ताण या नऊ गोष्टी मिळून अटॅकच्या धोक्याचा सुमारे 90 टक्के वाटा भरून निघाला, आणि त्यात कौटुंबिक इतिहास जोडल्यावर तो फक्त एका टक्क्याने वाढला. म्हणजे घराण्याचा बराचसा धोका याच मोजता येणाऱ्या गोष्टींच्या वाटेने येतो. एकाच चुलीवरचे जेवण आणि एकाच माजघरातला तंबाखूचा डबा हाही वारसाच असतो. 2016 साली पंचावन्न हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. ज्यांची जनुकीय प्रवृत्ती सर्वांत वाईट होती, त्यांच्यातही धूम्रपान न करणे, लठ्ठपणा नसणे, नियमित व्यायाम आणि बरा आहार या चारांपैकी किमान तीन गोष्टी पाळणाऱ्यांचा धोका, त्या न पाळणाऱ्यांपेक्षा जवळपास निम्मा होता. ते लोक मुख्यतः युरोपीय वंशाचे होते, आपल्याकडे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, दिशा बदलणार नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर दुसऱ्या प्रकारात, म्हणजे स्नायूच्या आणि ठोक्यांच्या आजारात, नुसत्या चांगल्या सवयींनी भागत नाही. तिथे निदान हाच बचाव: औषध, काही खेळ टाळणे, गरज पडली तर छातीत बसवायचे यंत्र.

तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दल गेल्या काही वर्षांत कोविडच्या लसीवर बरेच खापर फुटले. आयसीएमआरने 18 ते 45 वयाच्या, धडधाकट असताना अचानक गेलेल्या 729 जणांचा अभ्यास 2023 साली प्रसिद्ध केला. लसीने धोका वाढलेला दिसला नाही. ज्यांच्या घरात आधी कोणाचा अचानक मृत्यू झाला होता त्यांचा धोका अडीचपट निघाला. मरणाच्या आधीच्या दोन दिवसांत भरमसाट दारू किंवा अंगावर घेतलेले अति श्रम यांनीही तो वाढला होता. पोलीस भरतीसाठी 1600 मीटरचा सराव करणाऱ्या, कबड्डी खेळणाऱ्या, पावसाळ्यात कोंडाणे लेण्यांवरून राजमाची गाठणाऱ्या पोरांसाठी हे कामाचे आहे. सराव बंद करायची गरज नाही. एक फरक ओळखा: उन्हात बराच वेळ उभे राहून चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी येऊन मूल खाली बसले, तर ते बहुधा साधे असते. धावता-धावता, श्रमाच्या ऐन भरात शुद्ध गेली, तर ते साधे नाही, विशेषतः त्या वहीच्या पानावर तरुण वयातला मृत्यू लिहिलेला असेल तर. अशा पोराने ईसीजी आणि टूडी इको झाल्याशिवाय पुन्हा धावू नये, भरतीची तारीख कितीही जवळ असो.

पोरांच्या मनात भीती बसेल, मुलीचे लग्न अडेल, हा आक्षेप मी हलका मानत नाही. ‘तुझा बाप असाच गेला, तू पण जाशील’ असे घरात बोलले गेले तर तपासणीपेक्षा ते जास्त नुकसान करते. दहा वर्षांच्या मुलाला आकडे सांगायची गरज नाही. घरात सगळ्यांचे मीठ कमी झाले, सगळ्यांचा बीपी मोजला गेला, तर त्याला वेगळे काही वाटत नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी मात्र पूर्ण सांगावे, कारण पहिली पुडी आणि पहिली बाटली हातात येण्याचे वय तेच. लपवलेली माहिती लग्नानंतर, आणि बहुतेकदा रुग्णालयातच, बाहेर येते.

सोय नाही असे म्हणायला फारशी जागा नाही. बीपी जवळच्या उपकेंद्रात मोफत मोजून मिळतो. पुढच्या तपासण्यांसाठी कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौकची ग्रामीण रुग्णालये आहेत. तिथे जी होत नाही ती कुठे होईल हे लिहून घ्या. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या यादीत जन्मजात हृदयदोष आणि झडपांचा आजार दोन्ही आहेत, पण घरात कोण कधी गेले हे तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिल्याशिवाय त्यांना कळणार नाही. मोठ्या उपचारांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू होते का, ते आरोग्यमित्राला विचारा. आणि पुढच्या वेळी आशाताई फॉर्म घेऊन आल्या, की ‘घरात कोणाला हृदयविकार?’ या प्रश्नाला हो म्हणून थांबू नका. त्या माणसाच्या मुलांची नावे आणि वये त्यांना सांगा, आणि त्या मुलांचा बीपी त्याच दिवशी मोजायला लावा.